आक्कानं परदेशी पाठवलेली माती

धाकटीनं मागच्या पत्रात तिच्या संशोधनाच्या अर्जाबद्दल तीन पानं लिहिली आहेत. तीन देशांतली माणसं मिळून एक प्रश्न हाती घेतात, त्यातली बरीचशी एकमेकांना अजून भेटलेलीही नाहीत, चौथ्याच देशातला एक निधी त्यांना पैसे देतो, आणि तो मिळावा म्हणून ही सगळी मंडळी वर्षभर एकमेकांना पत्रं लिहीत बसतात. शेवटी तिनं लिहिलंय, "आजी, हे कंटाळवाणं वाटलं तर सोडून दे."

मी सोडलं नाही. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. एका वाक्याखाली रेघ मारून ठेवली आहे. प्रत्येकानं आपल्याकडचे नमुने, चांगले असोत की वाईट, इतरांना द्यायचे, अशी त्या निधीची अट आहे म्हणे. ते वाक्य वाचलं आणि मी उठून कपाटातून एक पत्र्याची डबी काढली. तुम्ही दोघं लहानपणी सुट्टीत आलात की ती उघडायला मागायचात आणि मी देत नसे. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे: क्रमांक चार, परदेशी, उघडू नये. आत मूठभर पांढुरकी माती आहे. ती इथली नाही. ती आमच्याकडे कशी आली हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नव्हतं, ते आता क्रमानं लिहिते. थोरल्यानं धाकटीला वाचून दाखवावं, तिचं मराठी वाचन आता मंदावलं असेल.

मी लग्न होऊन बारामतीला आले ती वर्षं एकोणीसशे तीसनंतरची. पुण्यात मॅट्रिक होऊन कॉलेजात दोन वर्षं काढली होती, इंग्रजी चांगलं होतं, आणि शेतीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तुमचे आजोबा शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन गावाबाहेरच्या एका लहानशा सरकारी प्रयोगाच्या शेतावर नोकरीला लागले होते. आमची राहायची जागा कालव्यापासून हाकेच्या अंतरावर होती. दारासमोरून उसाच्या गाड्या जात आणि हवेला कायम काकवीचा वास असे.

आजोबांचं काम होतं पांढऱ्या पडणाऱ्या जमिनींचं. कालवा येण्याआधी हा सगळा मुलूख पावसाच्या भरवशावर होता. कालवा आला, ऊस आला, लोकांनी बारा महिने पाणी द्यायला सुरुवात केली. ते पाणी जमिनीत मुरत गेलं, खालची पातळी वर आली, आणि येताना खोलातले क्षार घेऊन आली. उन्हाळ्यात बारामतीहून इंदापूरच्या रस्त्यानं गेलं की कालव्याच्या खालच्या अंगाला रानंच्या रानं मीठ सांडल्यासारखी दिसत. लोक म्हणत, रानाला खार लागला. उपाय तसा माहीत होता: खोल चर खणून ते पाणी ओढ्याला काढून द्यायचं. पण तो इथल्या काळ्या चिकट मातीत लागू पडेल का, हे कुणी करून पाहिलं नव्हतं. करून पाहायला पैसे लागत. ती मंदीची वर्षं. पुण्याहून वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं असे: पुढच्या वर्षी बघू.

अशात यांनी एका शेतकी मासिकात इंग्रजीतून चार पानांचं टिपण लिहिलं. सहा महिन्यांनी दौंडहून येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीच्या टपालात एक जाड पाकीट आलं. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठी एक सपाट देश आहे, तिथल्या एका प्राध्यापकांचं. त्यांनी ते टिपण वाचलं होतं. त्यांच्याकडेही रानं पांढरी पडत होती, इजिप्तमधल्या त्यांच्या एका ओळखीच्या माणसाकडेही, आणि अमेरिकेत पश्चिमेला कालव्यांच्या मुलखात आणखी एकाकडे. चौघांनी मिळून, एकाच रीतीनं, एकाच वेळी या प्रश्नाचा अभ्यास करावा असं त्यांच्या मनात होतं. युरोपातल्याच एका शहरात विद्वानांनी चालवलेला एक निधी होता, तो असल्या परस्परांच्या कामाला मदत करी. तिघं तयार होते. चौथे तुम्ही व्हाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी शाळेचा जुना नकाशासंग्रह काढला आणि जमिनीवर उघडून बसले. नाईलवर एक बोट, डॅन्यूबवर एक, अमेरिकेत एक. नीरा नदी त्या नकाशात नव्हतीच. मी पेन्सिलीनं ती काढली.

तेव्हापासून पत्रव्यवहार माझ्याकडे आला. यांचं इंग्रजी सरकारी होतं. सुरुवातीला सन्मानपूर्वक निवेदन करण्यात येते की, आणि शेवटपर्यंत काय निवेदन केलं ते सापडायचं नाही. हे तोंडी सांगत, मी लिहून काढी. आलेल्या पत्रांना मी लाल शाईनं क्रमांक घाली, गेलेल्यांना निळ्या. प्राध्यापकांचंही इंग्रजी शिकून घेतलेलं होतं, त्यामुळे त्यांची वाक्यं छोटी आणि सरळ असत. मला ती फार आवडत.

निधीची रीत अशी ठरली. पहिल्या वर्षी टपालखर्चापुरती मदत. त्या वर्षात प्रत्येकानं आपल्या एका गावातल्या खाऱ्या रानांची माती, ठरावीक खोलीवरची, बाकी तिघांना पाठवायची. मग समिती बसणार आणि दुसऱ्या वर्षी ज्या रानाची माती पाहिली, त्याच रानात चर खणायला पैसे देणार. नमुने नीट आले नाहीत तर तो हिस्सा दुसऱ्या कुठल्या देशाला जाणार. यांनी वाडी निवडून ठेवली होती. इंदापूरच्या वाटेवर, कालव्याच्या खाली, ओढ्याच्या कडेला. आणि रान निवडलं होतं आक्काचं, कारण ते अर्धं पांढरं झालं होतं आणि उरलेलं अर्धं डोळ्यांदेखत जात होतं.

आक्का म्हणजे साठीची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, रान तीच बघे. सगळी वाडी तिला आक्काच म्हणे आणि सगळी वाडी तिचं ऐके. चर खणला गेला तर तिचं रान वाचण्याची काही आशा होती. नाही खणला, तर दोनतीन हंगामांत तिथं कुसळं सोडून काही उगवणार नाही, असं हे म्हणत.

वाडीत सात घरं, म्हणून घरटी एक अशा मी मांजरपाट कापडाच्या सात पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं आकडा घातला. माती काढायला हे स्वतः जाणार होते, पण ऐन वेळी हिवतापानं अंथरूण धरलं. कालव्याकाठच्या घरात तो पाहुणा वर्षातून दोनदा ठरलेला. इकडे बोटीच्या टपालाची तारीख टळून चालणार नव्हती. शेवटी वाडीतला एक जण हिवतापावरचं कोयनेल न्यायला आला होता, त्याच्याकडे पिशव्या दिल्या. यांनी गोधडीतूनच सांगितलं, "आक्काला म्हणावं, रानातली माती हात-दीड हात खोलवरून काढून भरा. परदेशातल्या विद्वान लोकांना पाठवायची आहे."

चार दिवसांत पिशव्या भरून आल्या. तोंडं सुतळीनं नीट बांधलेली. माती काळीभोर, चाळलेली, एक खडा नाही. मी हातात घेतली तर तिला छान वास येत होता. मला वाटलं, काय व्यवस्थित लोक आहेत. यांना दाखवावी असं मनात आलं, पण ताप चढला होता. बारामतीतले पत्रेवाले भाई घासलेटच्या डब्यांतून लहान डबे करून देत, त्यांनी कथलाचा डाख लावून सात डबे बंद केले आणि मी माझ्या हातानं चिठ्ठ्या चिकटवल्या: खारी माती, नीरा डावा कालवा. डबे प्राध्यापकांकडे गेले, बाकी दोघांचा वाटा तेच पुढे धाडणार होते. कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या बाईला खारी माती कशी दिसते हे ठाऊक नव्हतं, हे इथं नमूद करून ठेवते.

दोन-अडीच महिन्यांनी प्राध्यापकांचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं, म्हणून वाचायला जड गेलं. त्यांनी लिहिलं होतं की तुमची माती तपासली, तिच्यात क्षार जवळजवळ नाहीत. इतकी उत्तम माती आमच्या प्रयोगशाळेत क्वचित येते. तुमचा प्रश्न सुटला असेल तर आम्हाला आनंदच आहे. तसं असेल तर समितीला कळवावं लागेल, म्हणजे तुमचा हिस्सा गरजू जागी देता येईल.

यांनी ते पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, परत माझ्याकडे दिलं. "माती कशी होती?" त्यांनी विचारलं.

"काळी. भुसभुशीत. चाळलेली."

"चाळलेली," ते म्हणाले, आणि डोक्यावर टोपी घालून छकडा सांगायला गेले.

वाडीवर पोचलो तेव्हा आक्का दारात शेंगा फोडत बसली होती. शेजारी तिचे दीर, ज्यांना सगळे तात्या म्हणत, तंबाखू मळत होते. पाणी झालं, गूळ झाला. मग यांनी विचारलं, "आक्का, ती माती कुठली दिलीत?"

"आमचीच की. दुसऱ्याची कशी दीन?"

"पांढऱ्या रानातली?"

"पांढरी कशाला दीन?" आक्का हातातली शेंग ठेवून म्हणाली. "साता समुद्रापल्याड जायाची माती. तिच्यात खार घालून धाडू व्हय? लोकं म्हनतील, हितं मानसं ऱ्हात्यात का मिठागर हाय."

"मी म्हनलं हुतं, सायबास्नी इचार," तात्या म्हणाले. "तर माझ्यावरच उठली. म्हनली, पावन्याच्या ताटात करपल्याली भाकर वाढू का? समद्या वाडीला तंबी दिली. धा वेळा चाळायला लावली. माझ्या सुनेचे हात दुखाय लागलं."

आमच्या सात डब्यांचं सगळं कोडं एवढंच होतं. त्या भागात घरातून बाहेरगावी काही जायचं म्हणजे निवडून, पाखडून, उत्तमातलं उत्तम द्यायचं. ओळखीच्या माणसाला देताना हात आखडेल, परक्याला नाही. तशी वाडीनं माती दिली होती.

यांनी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हणाले, "आक्का, हकिमाला नाडी दाखवताना तुम्ही शेजारणीचा हात पुढं करता का?"

"हकीम घरात बघून जातो. गावभर सांगत फिरत न्हाय." आक्कानं पदर सारखा केला. "सायेब, खरं सांगू का. पोराला पोरगी बघाय लागलोय. कळस गावाकडची एक सोयरीक आलीया. जिरायत हाय त्यांचं, पर खार न्हाय. त्येंनी पैल्यांदा काय इचारलं, म्हाईत हाय? रानाला खार किती लागलाय. मी म्हनलं, कोपऱ्याला जरासा. आन् आता तुमी माझं नाव घालून चार देशांत लिवनार, खाऱ्या रानाची म्हातारी."

"नाव नाही घालणार. रानाचा नंबर घालू नुसता."

"नंबर तलाठ्याला कळतो. तलाठ्याला कळलं म्हंजी बाजारात कळलं."

दुसऱ्या कुणाच्या रानातली माती घ्यावी, तर आक्काला डावलून त्या वाडीत कुणी फावडं उचललं नसतं. परत येताना छकड्यात हे एकच वाक्य बोलले, "समितीची बैठक यायला आता फार दिवस नाहीत."

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या लाल शाईचा क्रमांक चार आला. ठरलेल्या देवाणघेवाणीतली प्राध्यापकांच्या देशाची माती, याच डबीत. बरोबर छोटं पत्र होतं. ही माझ्या थोरल्या भावाच्या शेतातली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्या वडिलांच्या काळी तिथं गहू होत असे, आता मेंढ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. भाऊ ही माती द्यायला तयार नव्हता, आम्ही दोन दिवस भांडलो.

मी ते पत्र यांना वाचून दाखवलं आणि यांना कचेरीत जायचं होतं म्हणून ते गेले. मी मात्र डबी हातात घेऊन बसून राहिले. डॅन्यूबच्या काठी एका घरात दोन भाऊ मातीवरून भांडतात. कुठल्या भाषेत भांडत असतील? काय शब्द वापरत असतील? मला ते दोघं दिसायला लागले, आणि थोरला भाऊ दर वेळी शेंगा फोडत बसलेला दिसे.

पत्रेवाले भाई डबे विकायला आठवड्याच्या बाजाराला इंदापूरच्या बाजूला जात. बरोबर त्यांची बायको असे. मी त्यांच्या छकड्यात बसले. डबीत काय आहे ते भाईंनी विचारलं, मी सांगितलं. ते बैल हाकता हाकता म्हणाले, "बाई, खारी माती आपल्याकडं रग्गड पडलीया. आन् ती आता भायेरनं बी मागवाय लागलासा?" त्यांच्या बायकोला इतकं हसू आलं की तिनं तोंडावर ओढणी धरली.

मला एकटीला बघून आक्का जरा मऊ झाली. मी डबी तिच्यापुढे ठेवली आणि पत्र मराठीत सांगितलं, अक्षर न् अक्षर. थोरला भाऊ, वडिलांच्या वेळचा गहू, मेंढ्या, दोन दिवसांचं भांडण. तिनं डबी उघडली, चिमूटभर माती तळहातावर घेतली, बोटानं पसरली. जिभेला लावली.

"खारी हाय," ती म्हणाली. परत लावली. "कडवाट बी हाय. आपल्यापरास वंगाळ."

मग उठून चालायला लागली. मी मागोमाग. रानाच्या वरच्या अंगाला, जिथं जमीन पांढरी फटक होती, तिथली माती तिनं दुसऱ्या तळव्यावर घेतली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. उन्हात दोन्ही मात्या सारख्याच चमकत होत्या. तात्या बांधावर आले होते. "तात्या, ह्यी चाखा," आक्का म्हणाली. "सायबाच्या देशातली हाय."

"मी न्हाय चाखत. गोऱ्या मानसाची माती."

"खार गोराच असतुया. चाखा."

तात्यांनी चाखली, थुंकले, आणि मान डोलावली.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. त्या भावाचं रान केवढं? तिथं नदी कुठली, बारमाही का? कालवा कुणी काढला? बैल असतात का घोडे? भाऊ पोटाला काय करतो? जेवढं पत्रांतून आलं होतं तेवढं मी सांगितलं, बाकीचं माहीत नाही म्हणाले. मग आक्कानं अगदी हळू विचारलं, "त्येला पोरं हायती? लग्नाची?"

"ते मला ठाऊक नाही, आक्का."

"मग इचारा की. कागद कशाला लिवता येवढं?" ती माझ्याकडे वळून उभी राहिली. "वैनी, आसं करू. मी माझी माती देती, ही हितली, पांढरी. नंबर घाला न्हाय तर नाव घाला. पर त्येनं माझ्या सवालाचा जबाब धाडायचा. खाऱ्या रानात पोरी कोन देतं, त्यो जबाब."

मी कबूल केलं. पिशवी भरताना मी सहज विचारलं की आधीची चांगली माती शेजाऱ्याची होती का.

"शेजाऱ्याची कशाला? ह्याच रानातली हाय. चला, दावती."

वाडीतल्या बाकी सहाच्या सहा घरांनीही आपल्या पिशव्यांसाठी माती तिथूनच नेली होती, सातवी पिशवी आक्काची. तिनं मला रानाच्या खालच्या टोकाला नेलं. तिथून ओढ्याची दरड सुरू होते. दरडीच्या कडेनं एक अरुंद पट्टा काळाभोर होता आणि त्यात जोंधळा कमरेएवढा उभा होता. "हितनं पानी ओढ्याला पळतं," ती म्हणाली. "हितं खार टिकत न्हाय." मी मागं वळून पाहिलं. पांढरी जमीन तिथून दिसत होती. मी लुगड्याचा काठ वर धरून पावलं मोजत परत गेले. चाळीस भरली.

संध्याकाळी यांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "त्याच रानात?"

"त्याच रानात."

"एकाच धन्याच्या? मध्ये बांध नाही?"

"नाही. चाळीस पावलं."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "त्याच रानात ना नक्की?" मग ते उठून खोलीत फेऱ्या घालायला लागले. ज्या गोष्टीसाठी आम्ही चर खणायला पैसे मागत होतो, ती ओढ्यानं आधीच करून दाखवली होती. पाण्याला वाट मिळाली तर ही माती सुधारते. आणि त्याचा नमुना युरोपात प्राध्यापकांच्या टेबलावर पडलेला होता, आक्कानं धा वेळा चाळून दिलेला.

पण पत्र लिहायला बसलो आणि आमचं वाजलं. हे म्हणाले, "लिही, पिशव्यांची अदलाबदल झाली."

"कुणी केली? तुम्ही की मी?"

"कुणीच नाही."

"मग झाली कशी?"

"अगं, समितीत काय म्हणतील? हिंदुस्थानातल्या माणसाला साधी माती भरता येत नाही, असंच ना? पुढं दारात उभं करतील का आपल्याला?"

मला हसू आलं. ते चिडले. मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी आक्काला नाडीचं कोण सांगत होतं?" ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी लेखणी शाईत बुडवून थांबले होते, ती दोनदा वाळली. अखेर तिकडूनच म्हणाले, "लिही. सगळं लिही. तापाचं पण लिही. आणि भांडलो ते लिहू नकोस."

मी सगळं लिहिलं. पाहुण्याचं ताट, चाळणी, कळसची सोयरीक, चाळीस पावलं. यांनी रानाचा नकाशा काढला, दोन्ही जागांवर खुणा केल्या. भांडणाचंही लिहिलं, एका ओळीत, कारण प्राध्यापकांनीही आपलं लिहिलं होतं. आणि शेवटी आक्काचा सवाल, जसा तिनं विचारला तसा. पांढऱ्या मातीचा डबा भाईंनी डाख लावून दिला. मग आम्ही वाट बघत बसलो. त्या दिवसांत मी टपालाच्या गाडीची शिटी घरात कुठंही असले तरी ओळखत असे.

उत्तर आलं ते बैठक होऊन गेल्यावर. यांना स्वतः उघडवेना. मी उघडलं. यांनी तीन चर मागितले होते आणि पाण्याची पातळी मोजायला नळ्या मागितल्या होत्या. निधीनं एका चराचे पैसे दिले होते, आक्काच्या रानातल्या. नळ्यांचं नाव नव्हतं. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की समितीपुढे त्यांनी दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले आणि चाळीस पावलांचा नकाशा ठेवला. त्यानंतर त्यांना फार बोलावं लागलं नाही.

पत्राचं शेवटचं पान वेगळं होतं. ते आक्काला होतं. माझ्या भावाला दोन मुलगे आहेत, त्यांनी लिहिलं होतं. थोरल्याची सोयरीक रानापायी दोनदा मोडली. आमच्याकडेही पाहुणे आले की वहिनी त्यांना बागेच्या बाजूनं फिरवून आणते. शेवटी शेजारच्या खाऱ्या गावातली एक मुलगी मिळाली. तिच्या बापानं रान पाहिलं आणि विचारलं, तुम्ही याचं काय करताय? भाऊ म्हणाला, माझा धाकटा भाऊ त्यावर पत्रं लिहितो. त्यावर त्यानं मुलगी दिली.

हे वाचून दाखवल्यावर आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "पत्रं लिवतो म्हनून पोरगी दिली," ती तात्यांना सांगायला लागली. "आन् तुमी लग्नाआधी सासऱ्याला काय सांगितलं हुतं, आठवतंय का?" तात्यांना आठवत नव्हतं, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

ऊस तुटून गेल्यावर चर खणला. पुरुषभर खोल, वरच्या पांढऱ्या अंगापासून ओढ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी तळाला पाणी पाझरायला लागलं, मातकट, संथ. आक्का वाकून ओंजळीत घ्यायला गेली, यांनी नको म्हटलं तरी तिनं चाखलंच. "येवढी वर्सं ह्ये पोटात घिऊन बसलं हुतं," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला घराकडे गेली.

कळसचे पाहुणे आले त्या दिवशी मी तिथं होते. आक्कानं त्यांना ओढ्याच्या बाजूनं नेलं नाही. थेट चराच्या काठावर नेऊन उभं केलं आणि सगळं सांगितलं, डॅन्यूबच्या भावासकट. मुलीचा बाप चराच्या काठानं वरपर्यंत जाऊन आला. म्हणाला, "आमच्याकडं उद्या कालवा आला, तर आमाला बी ह्येच करावं लागंल." त्या वर्षी त्यांनी हो म्हटलं नाही. पुढच्या वर्षी चराच्या दोन्ही अंगांना जोंधळा उभा राहिला, वरच्या टोकाला अजून विरळच, तेव्हा म्हटलं. सून माझ्यासमोर घरात आली.

पुढं युद्ध पेटलं आणि डॅन्यूबकडून येणारं टपाल थांबलं. माझ्या वहीत लाल शाईचा शेवटचा क्रमांक सतरा आहे. तुमचे आजोबा आणि प्राध्यापक एकमेकांना कधीच भेटले नाहीत. पण आम्ही त्या वाटेनं गेलो की आक्का दर वेळी एकच विचारत असे, अगदी डोळे गेल्यावरसुद्धा: "त्या थोरल्या भावानं चर खनला का? त्येच्या रानात काय उगवलं?" मी दर वेळी म्हणे, पत्र आलं नाही आक्का.

धाकटीच्या अर्जातल्या तीन देशांत एक देश तोच आहे, म्हणूनही तिचं पत्र मी दोनदा वाचलं. धाकटे, तुझ्या तिथल्या मंडळींना सवड असेल तेव्हा त्या भावाच्या रानाचं काय झालं ते विचार. गावाचं नाव सोळाव्या पत्रावर आहे, त्याची नक्कल या पत्रासोबत जोडली आहे. रान घराच्या मागच्या बाजूला होतं, आणि घरात दोन मुलगे होते.